फटफटीवर ऊब कुठं असते

फटफटीवर ऊब एकाच जागी असते: पुढं बसलेल्याची पाठ आणि मागं बसलेल्याचं पोट यांच्या मधे. बाकी सगळीकडं वारा. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालं नाही. कळंबच्या शाळेत मास्तर असताना मी गुरांच्या डॉक्टरांच्या मागं बसून काही हिवाळे काढले, तेव्हा ते मिळालं. त्या एकुलत्या एका उबदार जागेत जी वस्तू ठेवायचा मोह होतो, नेमकी तीच तिथं ठेवायची नसते, हेही तेव्हाच कळलं.

ती वस्तू म्हणजे थर्मास. त्यात चहा नसायचा. बर्फाचे खडे असायचे आणि त्यांच्यात रोवलेल्या काचेच्या बारीक कुप्या. कुप्यांत बुळकांड्याची लस. बुळकांड्या हा गुरांचा रोग आता कुणाला आठवत नसेल. तोंडाला फोड, डोळ्याला पाणी, मग हगवण, आणि आठवड्यात दावण मोकळी. लस टोचली की जनावर वाचायचं. पण ती टोचेपर्यंत गार राहिली पाहिजे. ती ऊन झाली की तिच्यात आणि ओढ्याच्या पाण्यात फरक उरत नाही. त्यामुळं आमच्या प्रवासाचा नियम असा होता की माणसांनी गरम राहायचं आणि औषधानं गार. निसर्ग हे नेहमी उलट करायला बघायचा.

डॉक्टर माझ्या पलीकडच्या खोलीत राहायचे. दोघंही सडेफटिंग. सरकारनं त्यांना दवाखाना दिला होता, तालुक्याची सगळी जनावरं दिली होती, आणि ती जनावरं जिथं असतात तिथं जायला काही दिलं नव्हतं. म्हणून त्यांनी सोलापुरातून जुनी फटफटी आणली. ती लढाईतून लिलावात आली असं विकणारा म्हणाला होता. कोणत्या बाजूनं लढली ते त्यानं सांगितलं नाही. तिचा स्वभाव पाहता दोन्ही बाजूंनी लढली असावी. एका माणसाला ती सुरू व्हायची नाही. एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं ढकलायचं, आणि ती धडधडली की ढकलणाऱ्यानं पळत येऊन मागं उडी टाकायची. मी तो दुसरा होतो. सुट्टीच्या दिवशी मला दुसरा उद्योग नव्हता, आणि वाचून वाचून डोळे शिणले की थंड वारा बरा वाटतो असा माझा समज होता. तो पहिल्याच हिवाळ्यात गेला.

थंडी फटफटीवर कशी लागते हे बैलगाडीतून जाणाऱ्याला कळायचं नाही. ती आधी गुडघ्यांना लागते. मग बोटांना, मग कानांना, आणि शेवटी विचारांना. गुडघ्यांना आम्ही शेंगांच्या पोत्यांचे तुकडे बांधायचो. बुटांत कडब्याची वाळलेली पानं चुरून घालायचो. डॉक्टर हातांत लोकरी पायमोजे घालायचे. त्यांना अंगठा नसतो, त्यामुळं वळण आलं की आधी दातांनी एक मोजा काढायचा आणि मग वळायचं. छातीला वर्तमानपत्र. कळंबला ते शिळं होऊन यायचं, पण उबेच्या बाबतीत शिळं-ताजं असं काही नसतं. माझा अनुभव असा, की जाहिरातींच्या पानापेक्षा भाषणांचं पान जास्त ऊब देतं; त्यात मोकळी जागा कमी असते. पुढाऱ्यांच्या भाषणांचा इतका थेट उपयोग मी नंतर कधी पाहिला नाही.

आणि सर्वांवर शेरवानी. ती डॉक्टरांच्या वडलांची. ते निजामाच्या कचेरीत कारकून होते. राज्य गेलं तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या शेरवान्या एका आठवड्यात ट्रंकांत गेल्या आणि तितक्याच घाईनं खादीची जाकिटं बाहेर आली. माणसं तीच होती. फक्त गुंड्यांची संख्या कमी झाली. पुढं जिल्हा मुंबई राज्यात गेला, पाट्या बदलल्या, सलाम बदलले, तरी शेरवानी काही ट्रंकेतून बाहेर आली नाही. घातली तर लोक काय समजतील, ही भीती. पण खादी हे विचारांचं कापड आहे, वाऱ्याचं नाही. आमच्या डॉक्टरांनी एका पौषात ट्रंक उघडली, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि जाहीर करून टाकलं की निजामाचं राज्य वाईट होतं, शिंपी वाईट नव्हते. गावोगाव पोरं त्यांना नवाब म्हणायची. ते मान डोलावून आदाब करायचे आणि बैलाच्या तोंडात हात घालायचे.

ज्या दिवसाची आठवण मी सांगतो आहे त्या दिवशी झुंजूमुंजू होताना आम्ही निघालो. मांजरा नदीच्या वळणावर एक गाव आहे, तिथं जायचं होतं. वरच्या अंगाच्या गावात बुळकांड्या येऊन ठेपला होता. नदीचं पाणी दोघांचं एकच, त्यामुळं तो खाली यायला फार तर आठवडा लागला असता. या गावानं आधी सुई नाकारली होती. सुई टोचलेला बैल ऐन पेरणीत खाली बसतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टर तीनदा जाऊन समजावून आले. शेवटी गावचे पाटील म्हणाले की माझी जनावरं पहिली धरतो, मग बाकीचे बघतील. पण एकाच सकाळी, गुरं चरायला सुटायच्या आत. एवढी एक सकाळ मिळाली होती. ती वाया गेली तर पुन्हा कुणी दावणीला जनावर धरलं नसतं, आणि मग सगळी गावखांड, म्हणजे गावातल्या गुरांचा अख्खा कळप, नदीकाठी मरून पडली असती. डॉक्टर हे बोलून दाखवत नव्हते. पण त्या पहाटे त्यांनी थर्मासचं झाकण चार-पाच वेळा पिळून पाहिलं.

धुकं होतं. रस्ता असा नव्हताच, गाडीवाट होती, आणि धुक्यात तीही फार पुढंपर्यंत आहे याचा पुरावा नव्हता. दोन्ही बाजूंना शाळूची ताटं उभी. त्यांची कणसं धुक्यातून एक एक पुढं यायची, आम्हाला बघायची आणि मागं जायची. करडईच्या काट्यांवर दव गोठल्यासारखं दिसत होतं. मी थर्मास हातभर लांब, वाऱ्यात धरून बसलो होतो. मधल्या उबेत घेतला तर बर्फ सुटेल म्हणून. त्या हाताची बोटं हळूहळू माझी राहिली नाहीत. बाकीचा मी मात्र शेरवानीला गाल लावून पेंगत होतो. त्या कापडाला डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या अत्तराचा आणि फिनेलचा मिळून एक वास होता, आणि डोळे मिटले की वाटायचं आपण कुठल्यातरी दरबारात आहोत, तिथं सगळे सरदार बैल आहेत आणि शांतपणे रवंथ करताहेत. इंजिनाची धडधड पायांतून वर यायची. मधेच डॉक्टर काहीतरी बोलायचे. शब्द वाऱ्यानं नेले तरी त्यांच्या पाठीतला घुमारा माझ्या गालाला कळायचा. तेवढ्यावर मी व्हय म्हणायचो.

एका रानात शेकोटी दिसली. तिथल्या म्हाताऱ्यानं न विचारता जागा करून दिली. डॉक्टरांनी मोजे काढून हात जाळावर धरले; मी थर्मास लांब बांधावर ठेवून मग हात शेकले. म्हाताऱ्यानं विचारलं की त्या बाटलीला थंडी वाजत नाही का. डॉक्टर म्हणाले, तिला थंडीच लागते. म्हातारा बराच वेळ जाळाकडं बघत राहिला. शहाण्या माणसांशी वाद घालायची ही वेळ नव्हे, असा त्याचा चेहरा होता.

गावात पोचलो तेव्हा सूर्य धुक्यामागं तांब्याच्या ताटलीसारखा होता. वेशीत आंब्याचे टहाळे बांधले होते. त्याखाली टेबल, टेबलावर चादर, चादरीवर झेंडूचा हार. तालुक्याचे एक पुढारी जीपमधून आधीच आले होते. गुरांना सुया टोचण्याचं उद्घाटन असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले होते, अंगात पांढरं शुभ्र पातळ जाकीट, ओठ निळे. पाटलांनी घोंगडी पुढं केली तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. घोंगडीखाली जाकीट दिसलं नसतं.

पाटलांनी आम्हाला आधी घरी नेलं. माझे पाय जमिनीवर आहेत हे मला बघून ठरवावं लागत होतं. अंगणात शेकोटी केलेली होती. मी थर्मास ओसरीच्या थंड कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत ठेवला आणि जाळापुढं बसलो. पाटील पाहुण्यांकडं वेशीत गेले. पाटलीणबाईंनी गुळाचा चहा आणून दिला. बाई उंच, बोलायला थोडक्या. आम्हा दोघांच्या अवस्थेकडं त्यांनी एकदा नीट पाहिलं आणि आत गेल्या. चहाच्या वाफेत तोंड घालून मी किती वेळ बसलो होतो सांगता येणार नाही. डॉक्टर सुया पुसत होते. कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि ती मला पाण्याखालून वाजल्यासारखी वाटत होती.

मग पाटलीणबाई बाहेर आल्या. त्यांनी पदरात गुंडाळून काहीतरी आणलं होतं, नवजात वासरू धरावं तसं. ते त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलं.

"डाक्टर, तुमच्या बाटलीतलं पाणी थंडीनं पार गोठलं होतं बगा. आत गाराच झाल्त्या. म्या समदं भगुन्यात वतून वैलावर ठिवलं, बाटली बी जाळापाशी शेकली अन् परत भरली. आता चांगलं ऊनऊन झालंय."

वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं छोटं तोंड. तिथं दूध मंद तापत राहतं. थर्मास बाईंनी पूर्वी पाहिला होता. मोजणीच्या साहेबाकडं होता आणि त्यातला चहा गरम निघाला होता. गरम ठेवायच्या बाटलीत बर्फ निघाला म्हणजे बाटली हरली, एवढी त्या दिवशी थंडी होती. बर्फ त्यांनी आयुष्यात आभाळातून पडतानाच पाहिला होता. तो कुणी मुद्दाम विकत आणून बाटलीत घालेल हे कुणाच्या मनात यावं? मी त्यांच्या जागी असतो तर माझ्याही आलं नसतं.

डॉक्टरांनी थर्मास दोन्ही हातांत धरला. तो गरम होता हे त्यांच्या बोटांना आधी कळलं असणार, कारण बोटं आपोआप त्याच्याभोवती आवळली गेली. गोठलेल्या माणसाच्या बोटांना त्याच्या शिक्षणाशी काही देणंघेणं नसतं. मग त्यांनी आत पाहिलं. कुप्या कोमट पाण्यात तरंगत होत्या. सगळ्या गावाची लस.

त्यांनी झाकण लावलं. मग म्हणाले, "लई उपकार झाले, वैनी." आणि उठून वेशीकडं चालू लागले. मी मागं धावलो. त्यांना बोटभर पाणी टोचून सगळ्यांना खूश करता आलं असतं. उद्घाटन झालं असतं, हार पडला असता, आणि आठवड्यानं जनावरं मेली असती तर दोष सुईवर गेला असता. शेवटची गोष्ट सोडली तर सगळं सोयीचं होतं. दुसरा मार्ग होता खरं सांगायचा. पण मग त्या बाईला गावानं जन्मभर विसरू दिलं नसतं.

वेशीत सगळं गाव उभं होतं. डॉक्टर म्हणाले की वाटेत बर्फ वितळला, औषध वाया गेलं. दवाखान्यातल्या बर्फाच्या पेटीत अजून कुप्या आहेत. मी कळंबला जाऊन परत येतो, तोवर गुरं सोडू नका.

मग मागून एकजण म्हणाला, "एवढ्या थंडीत बरफ वितळला?"

सगळं गाव हसलं. आमच्याकडं बघून हसण्यासारखं बरंच होतं: गुडघ्यांना पोती, छातीला भाषणं, अंगात नवाबी. एकानं विचारलं की बर्फाला पण शेरवानी घातली होती काय. दुसऱ्यानं सांगितलं की इंजनावर ठेवला असंल, बसायला जागा नको का. डॉक्टरांनी ती कल्पना लगेच उचलली. म्हणाले, व्हय, इंजनापाशीच होता, चूक माझीच. तीनदा समजावून उभा केलेला विश्वास हसण्यात वाहून चालला होता, आणि मला थंडीमुळं नव्हे तर त्यामुळं हुडहुडी भरली.

एक म्हातारा शेतकरी म्हणाला की गेलेला साहेब परत येतो हे आमी ऐकलेलं नाही. तुमचा एक माणूस ठेवून जावा. अशा रीतीनं मी ओलीस राहिलो. डॉक्टरांनी थर्मास धुऊन पाण्याच्या तांब्यासारखा हँडलच्या बाहेर, वाऱ्याच्या तोंडावर सुतळीनं बांधला. पोरांनी फटफटी ढकलली. धुकं अजून नदीवर होतं. शेरवानीची काळी पाठ त्यात शिरली आणि मग नुसता आवाज राहिला, मग तोही राहिला नाही. पेटीतल्या भुशात बर्फाचा खडा अजून उरला असेल की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पुढाऱ्यांनी भाषण केलं. ते तयारच होतं, वाया कशाला घालवायचं. त्यात पशुधन होतं, विज्ञान होतं, नवं राज्य होतं. लस नव्हती, पण ती भाषणाला लागत नाही. डॉक्टर नसल्यानं हार माझ्या गळ्यात पडला. दवानं भिजलेला झेंडू किती गार असतो हे ज्याच्या छातीला भिजलेलं वर्तमानपत्र चिकटलं आहे त्यालाच कळेल. मग जीप गेली आणि गाव परत गाव झालं.

आता खरी अडचण सुरू झाली. गुरं भुकेली होती. त्या गावाची रीत अशी होती की पाटलांची एक म्हातारी गाय, गळ्यात पितळी घंटा असलेली, वेशीतून पहिली निघायची. ती निघाली की सगळी खांड मागं. ती निघाल्याशिवाय कुणाचं जनावर निघत नसे. माणसांनी ठरवलं म्हणून नव्हे, जनावरांनाच तशी सवय होती. गुराखी पाटलांच्या दारात येऊन उभा राहिला. ऊन वर आलंय, गाय सोडा, म्हणाला.

पाटलीणबाई दारात आल्या. म्हणाल्या, वासरू अजून पितंय. गुराखी गेला, थोड्या वेळानं परत आला. बाई म्हणाल्या, गाय जरा लंगडतीय. गुराख्यानं गाईकडं पाहिलं. ती चारी पायांवर नीट उभी होती. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मागं चार-पाच शेतकरी होते. बाईंनी काही कारण सांगितलं नाही. त्यांनी दावणीचा दोर हाताला गुंडाळून घेतला आणि मागच्या बाजूला कडब्याच्या गंजीकडं बोट केलं. म्हणाल्या की ज्याची गुरं उपाशी आहेत त्यानं तिथून पेंढ्या न्याव्यात.

पाटील ओसरीत बसून होते. ते गंजीकडं पाहत होते. उन्हाळ्यापर्यंत पुरायची गंजी होती ती. त्यांनी बायकोला काही विचारलं नाही. उठले, वर चढले आणि स्वतः पेंढ्या खाली टाकायला लागले.

मी भिंतीला पाठ लावून उन्हात बसलो होतो. थंडीनंतरचं ऊन अफूसारखं असतं. गंजीवरून पेंढ्या पडताना दिसायच्या, मग डोळे मिटायचे, मग पेंढ्या आणखी खाली गेलेल्या असायच्या. जिकडंतिकडं गुरांच्या चघळण्याचा आवाज भरला होता. त्यात मला फटफटी ऐकू यायची. मी दचकून बघायचो तर पिठाची गिरणी असायची, किंवा कुठल्यातरी घरातलं जातं, किंवा माझंच काळीज. एकदा तर मला स्वच्छ दिसलं की डॉक्टर नदीच्या पाण्यावरून फटफटी चालवत येताहेत आणि पाणी चाकाखाली गोठत चाललंय. डोळे उघडले तेव्हा समोर पाटलीणबाई उभ्या होत्या.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "मास्तर, खरं सांगा. बरफ म्याच वितळिवला न्हवं?"

मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं ना, वाटेत वितळला.

"वाटंत वितळला असता तर माझ्या हाताला गारा कशा लागल्या?" त्या म्हणाल्या. "शाळंत पोराला असंच शिकवता व्हय?"

मी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. त्या गेल्या नाहीत. तिथंच उंबऱ्याला टेकून, हातात दोर धरून, वाटेकडं बघत बसल्या. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत होतो. ज्यांची गुरं त्या गाईपायी अडकली होती त्यांची कुजबुज आमच्यापर्यंत येत होती: पाटलीण हट्टाला पेटली, साहेब काय येतोय, गंजी जाईल आणि गुरंही. त्यांना कारण कळलं असतं तर कुजबुजीला चव आली असती. ते कारण त्या गावात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि तिसरा कुठंतरी वाऱ्यात होता.

ऊन कललं, नदीवरून पुन्हा गार वारं सुटलं, तेव्हा आवाज आला. या वेळी तो सगळ्यांनी ऐकला.

फटफटी वेशीतून आत आली आणि पाटलांच्या दारात थांबली, पण डॉक्टर उतरले नाहीत. त्यांची बोटं मुठींवरून सुटत नव्हती. दोघांनी मिळून ती एकेक करून सोडवली. पापण्यांना धूळ, मिशांना घाम की नाकाचं पाणी कुणास ठाऊक. त्यांनी हनुवटीनं थर्मासकडं खूण केली. मी झाकण काढलं. सुपारीएवढे तीन-चार खडे उरले होते आणि त्यांच्यात कुप्या बर्फासारख्या गार.

डॉक्टरांना हातात सुई मात्र धरवेना. औषध तयार, गाव तयार, जनावरं तयार, आणि बोटं लाकडाची. शेकोटी पुन्हा पेटवून बसावं तर तोवर उरलेला बर्फ जाईल. डॉक्टरांनी स्वतःच्या हातांकडं जणू दुसऱ्याचे असावेत तसं पाहिलं. मग त्यांना आठवलं की समोर गाय उभी आहे आणि गाईचं अंग माणसाहून गरम असतं. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्या कासेपाशी, मांडीच्या खोबणीत घातले. गाय दचकली. पाटलीणबाईंनी तिच्या गळ्याखाली हात फिरवला. गाय थांबली. गावातलं कुणी हसलं नाही. शेरवानीतला माणूस गाईच्या पोटाला कपाळ टेकवून डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती.

थोड्या वेळानं त्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली. सुई हातात घेतली. पहिली सुई त्याच गाईला. मग पाटलांचे बैल. मग ज्यानं बर्फ कसा वितळला म्हणून विचारलं होतं, त्यानं आपला गोऱ्हा पुढं आणला आणि स्वतःच त्याची मान धरली. रांग लागली. पाटलीणबाई थर्मास घेऊन भिंतीच्या गार बाजूला उभ्या राहिल्या. कुप्या त्या एकेक करून काढून द्यायच्या आणि झाकण लगेच लावायच्या. मी घेतो म्हटलं तर दिला नाही.

शेवटची कुपी संपली तेव्हा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "पुढल्या खेपंला कशाला ऊन करायचं अन् कशाला न्हाई, ते आधी सांगत जावा."

"तुमी आमालाच ऊन करा, वैनी," डॉक्टर म्हणाले. "औषधाचं आमी बघतो."

त्या पहिल्यांदाच हसल्या. तोंड पदरानं झाकून, आवाज न करता.

आम्ही निघालो तेव्हा चरायची वेळ सरली होती, पण गुरांना पाण्यावर न्यायचं होतं. बाईंनी दोर सोडला. घंटेची गाय वेशीतून पहिली निघाली, आणि आम्ही नेमके वेशीत फटफटीवर अडकलो. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. खांड आमच्या दोन्ही बाजूंनी जायला लागली. गाई, बैल, वगारी, गोऱ्हे, सगळे अंगाला अंग लावून, आमच्या गुडघ्यांना घासत. त्यांच्या नाकांतून निघणारा श्वास हातांवर यायचा, तोंडावर यायचा. त्याला कडब्याचा गोड वास होता. धुळीत मावळतीचा उजेड भरला होता आणि त्या उजेडातून शिंगंच शिंगं वाहत चालली होती. दिवसभरात इतकी ऊब मला कुठं लागली नव्हती. पुढं, खाली नदीकडं, घंटा वाजत होती. डॉक्टर प्रत्येक पाठीवर हलका हात ठेवत होते, मोजत नव्हते, नुसता ठेवत होते. खांड संपू नये असं मला वाटत होतं आणि ती बराच वेळ संपली नाही.